दोनशे अठरा आणि दोनशे सतरा

प्रो कबड्डीच्या नोंदींत सिद्धार्थ देसाईच्या नावापुढे दोन आकडे एकाखाली एक लागलेले आहेत. २०१८-१९ च्या सहाव्या मोसमात यू मुम्बाकडून चढाईचे २१८ गुण. २०१९ च्या सातव्या मोसमात तेलुगू टायटन्सकडून २१७. या दोन मोसमांच्या मध्ये, एप्रिलमध्ये, लिलाव झाला. आदल्या वर्षी ३६ लाख ४० हजारांना मिळालेला चंदगड तालुक्यातला हा गडी १ कोटी ४५ लाखांना गेला. किंमत चौपट झाली आणि गुण एकाने घटला. पुढची गोष्ट या तक्त्यात नाही, ती गुणतक्त्यात पाहावी लागते. टायटन्स त्या मोसमात बारा संघांत अकरावे आले आणि सिद्धार्थला सोडून दिलेला यू मुम्बा उपांत्य फेरीपर्यंत गेला.

रसग्रहणाला एवढा मजकूर पुरेसा आहे. दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या, पण अर्थ एक नाही. तो फरक कुठून आला हे शोधताना चढाईपटू निवडायचा कसा, याचे बरेचसे उत्तर सापडते.

रत्नागिरीत हा प्रश्न विचारायला कुणी लिलावाची वाट बघत नाही. भात झोडून घरात आले, दिवाळी सरली, की चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी या पट्ट्यात प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात. संघाला ग्रामदेवतेचे नाव, चार खांबांवर फोकस, एका कडेला टेबलावर चषक मांडलेले, आणि माइकवर बोलणारा माणूस असा, की त्याला प्रत्येक गड्याची वाडीही ठाऊक. आता कित्येक ठिकाणी तरुण मंडळे आपली प्रीमियर लीगही भरवतात. प्रत्येक संघमालकाला पैशांऐवजी ठरावीक गुण मिळतात, त्या गुणांवर बोली लागते आणि वाडीतली पोरे संघांत वाटली जातात. तिथेही पहिली बोली चढाईपटूवरच पडते. गेल्या वर्षी ज्याने ढीगभर गडी टिपले तो सगळ्यांना हवा असतो. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एखादा जुना गडी मात्र म्हणतो, "हात काय बघतोस त्याचा, पाय बघ. परत कसा येतो ते बघ."

अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलेही ऑगस्टच्या शेवटी याच कोड्यात अडकलेली असतात, फक्त खेळ वेगळा. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत घेऊन समोरच्या भिंतीत घुसणारा जो धावपटू असतो, त्याला रनिंग बॅक म्हणतात. दहा-बारा मित्र मिळून आळीपाळीने खेळाडू निवडतात, आपापले काल्पनिक संघ उभे करतात आणि मोसमभर खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर त्यांचे गुण मोजत बसतात. पहिल्या फेरीत धावपटूंवरून हमखास वाद होतो. साक्वॉन बार्कली हे त्यातले ताजे उदाहरण. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून तो ९६२ यार्ड धावला. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि २००५ यार्ड धावला. संघाने सुपर बोलही जिंकला. एका वर्षात कुणाचे पाय दुप्पट जोरात धावू लागत नाहीत. त्याच्यापुढे वाट मोकळी करून देणारी धिप्पाड माणसांची फळी बदलली होती. बार्कलीचा आकडा फळीबरोबर बदलला. सिद्धार्थचा संघ बदलूनही आकडा जागेवर राहिला, बदलला तो संघाचा निकाल. दोघांची उदाहरणे उलट दिशेने जातात, पण एकट्या माणसाच्या नावावर लिहिलेला आकडा त्याच्या एकट्याचा नसतो, हे दोन्हीकडे दिसते.

कबड्डीत तो आकडा कसा तयार होतो हे बघायचे तर एक चढाई सावकाश पाहावी लागते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एका मीटरवर बोनसरेषा. चढाईपटूकडे ३० सेकंद असतात. पहिले सात-आठ सेकंद तो काहीच करत नाही असे वाटते. या कडेने आत जातो, त्या कडेला सरकतो, खांदा पुढे टाकतो आणि मागे घेतो. तो विचारत असतो आणि समोरचे उत्तर देत असतात. डावा कोपरा अर्धे पाऊल पुढे आला का? कव्हरचा गडी कोपऱ्याशी हात धरून साखळीत आहे की सुटा उभा आहे? नवा पोरगा कुठला, जो हुलीला फसून आधीच झेपावेल? समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनसची लालूच असते. एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा, दुसरा त्या क्षणी हवेत हवा. पाय टेकला की त्या कोपऱ्याचा घोट्यावरचा डोळा हललाच. मग चढाईपटू वळतो. इथपर्यंत गुण मिळालेला असो वा नसो, खरी परीक्षा इथून मध्यरेषेपर्यंतच्या वाटेवर असते. घोटा सापडला तर पाय सोडवायचा, कंबरेला मिठी पडली तर अंगावर माणूस घेऊन रेषेकडे लोटायचे, बोट तरी पलीकडे न्यायचे. वहीत मात्र या सगळ्याची नोंद एकाच आकड्यात होते.

काही चढायांपुढे शून्य पडते. रिकामी चढाई म्हणजे फुकट गेलेली चढाई, असे गुणपत्रक सांगते. मैदानावर तसे नसते. आघाडी हातात असताना ३० सेकंद खाऊन सुखरूप परत येणे हेच काम असते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक ठरते. तीत गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद होतो. संघ ती तिसरी चढाई मुद्दाम राखून ठेवतो आणि ती कुणी करायची हे ठरलेले असते. दोन वेळा रिकाम्या हाताने परत येणाऱ्याचे नाव कुठल्या यादीत वर नसते, पण तिसऱ्याच्या गुणाची पायाभरणी त्याने केलेली असते.

आता आकड्यातला लपलेला भाग पाहू. चढाईपटू पकडला गेला की मैदानाबाहेर बसतो. त्याला परत कोण आणते? आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की एक गडी उठतो. बोनसने उठत नाही. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, पण त्यातल्या जादा गुणाने जादा गडी उठत नाही. म्हणजे बाहेर बसलेल्या चढाईपटूला परत आणण्याचे काम अनेकदा कोपऱ्यातल्या बचावपटूच्या पकडीने होते. मोठ्या चढाईपटूच्या वाट्याला एका सामन्यात पंधरा-वीस चढाया येतात, पण त्या येण्यासाठी तो मैदानात असावा लागतो. त्याला पाच मिनिटे बसून काढावी लागली की त्याच्या चढाया दुसऱ्याच्या नावावर जातात किंवा वाया जातात. चढाईच्या गुणांमध्ये बचावाची ही उधारी असते आणि कुठलाच तक्ता ती वेगळी काढून दाखवत नाही.

सिद्धार्थच्या दोन ओळी आता परत वाचता येतात. यू मुम्बाच्या संघात डाव्या कोपऱ्यावर कर्णधार फझल अत्राचली होता, कव्हरला सुरिंदर सिंग होता, चढाईत अभिषेक सिंग, रोहित बलियान, दर्शन कादियान होते. सिद्धार्थचे काम भिंत फोडण्याचे. रुंद खांदे, अंगावर दोन माणसे घेऊन रेषेकडे ओढत नेण्याची ताकद. 'बाहुबली' हे नाव लोकांनी त्याला उगीच दिले नव्हते. तो पकडला गेला तर फझल एखादा घोटा धरून त्याला पुन्हा उठवी, आणि तो बसलेला असताना दुसरा कुणी चढाई सांभाळी. टायटन्सकडे त्याने तेवढेच गुण आणले, पण तिथे त्याचे गुण म्हणजे संघाच्या चढाईचा मुख्य आधारच होता. तिकडे यू मुम्बाने त्याच्या चढाया अभिषेक सिंग, कोवळा अर्जुन देशवाल अशा गड्यांत वाटल्या आणि उपांत्य फेरी गाठली. सिद्धार्थ कुठे कमी पडला, असे हे आकडे म्हणत नाहीत. एक गडी विकत घेतला म्हणजे त्याच्याभोवतीचे सहा जण सोबत येत नाहीत, एवढेच ते सांगतात.

यावर हमखास विचारले जाते, मग प्रदीप नरवालचे काय? २०१७ च्या पाचव्या मोसमात त्याने पाटणा पायरेट्ससाठी चढाईचे ३६९ गुण काढले. एका मोसमातला तो विक्रम अजून उभा आहे. त्याच मोसमात हरयाणाविरुद्ध एकाच चढाईत लोणासह, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद केल्याच्या गुणांसह, ८ गुण त्याने आणले आणि पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद घेतले. इथे एकट्याने संघ ओढला, असे म्हणायला जागा आहे. पण प्रदीपची 'डुबकी' नीट पाहिली तर तिथेही दुसरी बाजू दिसते. साखळी धरून तीन-चार गडी त्याच्यावर चालून येतात, हात उंचावतात, आणि तो नेमका त्या हातांखालून, कंबरेच्या उंचीवरून, पुढे झुकून निसटतो. मागे राहिलेल्यांना त्याचा हात किंवा खांदा लागलेला असतो, म्हणून एका डुबकीत दोन-तीन गडी जातात. पण डुबकीला साखळी पुढे यावी लागते. बचाव मागे उभा राहिला आणि त्याने वाट पाहिली, तर डुबकी मारायला भोकच उरत नाही. बचावाला पुढे येणे भाग पडावे, अशी स्थिती संघाला आधी आणावी लागते. पाटण्यात त्या मोसमात दुसऱ्या बाजूने मोनू गोयत चढाई करत होता आणि एकट्या प्रदीपसाठी सापळा लावून बसणे कुणाला परवडत नव्हते. पुढच्या लिलावात हरयाणाने त्याच मोनूला १ कोटी ५१ लाखांना घेतले, तोवरची सर्वात मोठी बोली. हरयाणा त्या मोसमात आपल्या गटात तळाला राहिले. दुसरा चढाईपटू पहिल्याच्या किमतीला घेतला, पण ज्याच्या शेजारी तो दुसरा होता तो पहिला काही बरोबर आला नाही.

प्रदीपच्या कारकिर्दीचा पुढचा भाग निवड करणाऱ्यांनी आवर्जून वाचावा. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतले, पण ३६९ च्या जवळपासही तो पुन्हा गेला नाही. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही आणि १८०१ चढाईगुणांवर तो निवृत्त झाला. लिलावातली किंमत झालेल्या गुणांवरून ठरते, होणारे गुण मात्र येणाऱ्या वर्षाच्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर अवलंबून असतात. धावपटूंच्या बाबतीत अमेरिकेतले जाणकारही हेच सांगत आले आहेत. ज्याने मागच्या वर्षी सर्वाधिक चेंडू वाहिले, त्याच्या अंगावर सर्वाधिक माणसे आदळलेली असतात.

पवन सेहरावतची वही याहून चटका लावणारी. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात बंगळुरू बुल्सने गुजरातला ३८-३३ असे हरवले, त्यात पवनचे २२ गुण. प्रदीप हातांखालून जातो, तर पवन हातांच्या आधी जातो. बाजूने पळत हात लावून वळणे, आणि कुणी खाली वाकले तर त्याच्यावरून सिंहउडी. २०१९ मध्ये एका सामन्यात त्याने ३९ चढाईगुण काढले. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना त्याला घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि मोसम संपला.

इथे रत्नागिरीचा माणूस गोष्टीत येतो. पवन गेल्यावर थलैवाजचे काय होणार, याबद्दल फार कुणाला आशा नव्हती. नरेंदरने चढाईचा मुख्य भार घेतला आणि दुसऱ्या बाजूने रत्नागिरीचा अजिंक्य पवार उभा राहिला. थलैवाज पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत त्यांची गाठ यूपी योद्धाशी, म्हणजे प्रदीप नरवालच्या संघाशी पडली. चाळीस मिनिटांनंतर ३६-३६ अशी बरोबरी. मग जादा चढायांचा नियम लागला. त्यात प्रत्येक संघाला पाच चढाया असतात आणि त्या पाच वेगवेगळ्या गड्यांनी करायच्या असतात. निदानरेषाच बोनसरेषा धरली जाते, त्यामुळे साधा गडीही गुण आणू शकतो. कबड्डीचा हा एकच प्रसंग असा, जिथे सर्वात महागड्या चढाईपटूलाही एकदाच जाता येते. थलैवाजने ती पाच-पाचांची झुंज ६-४ अशी जिंकली. कुठला संघ एका माणसावर उभा आहे आणि कुठला पाचांवर, हे त्या काही मिनिटांत उघड झाले. अजिंक्यसारख्या दुसऱ्या फळीतल्या चढाईपटूचे मोल मोजण्याची जागा तक्त्यात नाही. ती अशा सामन्यात असते.

उपांत्य फेरीत थलैवाजला पुणेरी पलटणने ३९-३७ असे रोखले. पुण्याचा अस्लम इनामदार दुखापतीने बाहेर होता. त्याच्या गैरहजेरीत पंकज मोहितेने १६ गुण काढले. त्याचे नाव त्या वर्षी कुणाच्या काल्पनिक संघात पहिल्या तीनांत असेल असे वाटत नाही. २०२४ च्या १ मार्चला हैदराबादमध्ये पुण्याने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद घेतले, तेव्हाही पंकजचेच ९ गुण सर्वाधिक होते आणि त्यात चार गुणांची एक अव्वल चढाई होती. २८-२५ सारख्या सामन्यात एका चढाईने चार गुण येणे म्हणजे सामन्याचा कल बदलणेच. अशी चढाई बेभरवशाची असते हे खरे, पण तिच्यासाठी समोरचा बचाव अधीर झालेला असावा लागतो, आणि बचाव अधीर होतो तो आधीच्या दहा रिकाम्या, चिवट चढायांनी.

पुण्याने जिंकलेला तो दहावा मोसम या विषयावरचा माझा सर्वात आवडता मजकूर आहे. चढाईच्या यादीत पहिल्या पाचांत पुण्याचा एकही गडी नव्हता. अस्लम, मोहित गोयत, पंकज, आकाश शिंदे अशी चढाई वाटलेली. नगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार, चढाईही करतो आणि मागे उभा राहून पकडही करतो. सर्वात मोठी रक्कम पुण्याने चढाईपटूवर लावलीच नव्हती. २ कोटी ३५ लाखांना त्यांनी इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू घेतला होता. त्याने त्या मोसमात पकडीचे ९९ गुण काढले. पुणे साखळीतल्या २२ सामन्यांत फक्त २ हरले. त्याच लिलावात टायटन्सनी पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले होते. पवनने आपले काम केले, दोनशेच्या घरात गुण काढले. टायटन्स २२ पैकी फक्त २ सामने जिंकले. एका संघाचे पराभव दोन, दुसऱ्याचे विजय दोन. एकाच्या थैलीतले पैसे कोपऱ्यावर गेले, दुसऱ्याचे मध्यरेषेवर.

कोपऱ्याचा विषय निघाला की चिपळूणचा शुभम शिंदे आठवावा लागतो. पुणेरी पलटण, बंगाल वॉरियर्स अशा संघांतून तो उजव्या कोपऱ्यावर खेळला. उजवा कोपरा काय करतो, हे टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चढाईपटूच्या मागे असतो. तो बोनसरेषेच्या किंचित मागे वाकून उभा असतो, नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नाही तर बोनसला येणाऱ्या पायावर. पाय टेकण्याच्या क्षणाआधी झेपावले तर चढाईपटू तेवढ्यात हात लावून जातो. क्षणभर उशीर झाला तर बोनस घेऊन निघतो. मधल्या त्या क्षणात घोटा धरायचा आणि बाकीचे येईपर्यंत सोडायचा नाही. साध्या पकडीला एकच गुण. पण त्या एका गुणाने समोरचा चढाईपटू बसतो आणि आपला उठतो. चढाईपटूंच्या तुलनेत या गुणाला जागा नसते, आणि तुलना चुकते ती इथेच.

आता काल्पनिक संघ रचणाऱ्याचा प्रश्न. त्याचा आणि संघमालकाचा हिशेब एक नाही, हे आधी मान्य करावे. मालकाला सामना जिंकायचा असतो. मोबाइलवर सात जणांचा संघ लावणाऱ्याला फक्त गुण हवे असतात, संघ हरला तरी चालते. कर्णधार केलेल्या गड्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, म्हणून तिथे ज्याच्या वाट्याला सर्वाधिक चढाया तोच हवासा वाटतो. त्या हिशेबाने टायटन्सचा सिद्धार्थ उत्तम निवड होती. दुबळ्या संघात एकट्याला सगळ्या चढाया मिळतात. पण त्याच दुबळेपणामुळे पकडला गेल्यावर त्याला उठवणारे कुणी नसते आणि तो जास्त वेळ बसतो. या दोन गोष्टी एकमेकींना किती कापतात, तेवढाच अंदाज घ्यायचा असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून असे संघ रचण्यावर बंदी आली. त्याने जाणत्या प्रेक्षकाचे काही नुकसान झाले असे मला वाटत नाही. पैसा लागला की माणूस मागच्या मोसमाच्या बेरजेकडे धावतो. पैसा नसला की तो खेळ बघतो.

सांघिक चढाई आणि भक्कम कोपरे हे जिंकण्याचे खात्रीचे सूत्र आहे, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो. २०२४ च्या अकराव्या मोसमात देवांक दलालने पाटण्यासाठी ३०१ चढाईगुण काढले आणि पुण्यात, बालेवाडीला, अंतिम सामन्यात हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवले. त्या हरयाणात शादलू होता. इथवर सूत्र बरोबर. २०२५ च्या लिलावात सर्वात मोठी बोली पुन्हा शादलूवर, २ कोटी २३ लाख, आणि देवांकवर त्याच्या जरा खाली, २ कोटी २० लाख ५० हजार. बाजार शिकला, असे वाटले. पण शादलू ज्या गुजरातकडे गेला, ते काही जिंकले नाहीत. विजेतेपद दिल्लीकडे गेले. म्हणजे कोपराही एकट्याने पुरत नाही. सातांपैकी कुठलाही एक विकत घेऊन सात मिळत नाहीत, मग तो पुढचा असो वा मागचा.

तरीही निवड करावीच लागते. वाडीच्या लीगमध्ये बोलीची वेळ आली की हात वर करावाच लागतो. अशा वेळी मी चढाईपटूच्या एकूण गुणांकडे शेवटी बघेन. आधी बघेन, तो परत कसा येतो: वळताना पाय सोडवतो की ताकदीने ओढतो, कारण ताकद दोन मोसमांत ओसरते आणि पायांची सवय जास्त टिकते. मग बघेन, त्याच्या गुणांपैकी किती तिसऱ्या चढाईत आले, जिथे समोरच्यांना तो येणार हे ठाऊक असते. मग त्याच्यासोबत दुसऱ्या बाजूने कोण चढाई करतो ते. आणि सर्वात आधी, बोली सुरू होण्यापूर्वीच, संघाचे दोन कोपरे कुणाकडे आहेत हे विचारून घेईन. ते भक्कम असतील तर दुसऱ्या फळीतला चढाईपटूही सामना जिंकून देतो. नसतील तर पहिल्या फळीतल्याला अर्धा सामना बाहेर बसून काढावा लागतो, आणि त्याच्यासाठी मोजलेले गुणही त्याच्यासोबत तिथेच बसतात.